जेवताना बोलायचं नाही

दुसऱ्याच्या तोंडाची किळस येणाऱ्या माणसानं कवळ्या बनवायच्या धंद्यात पडूच नये. या बाईनं त्या धंद्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं. आसपासचे डेंटिस्ट तोंडावर तिला ताई म्हणत आणि पाठीमागे कवळीवाली म्हणत, आणि दोन्हीचं तिला काही वाटत नसे. घराच्या मागच्या खोलीत तिचं काम चाले. रोज डब्यांतून लोकांच्या तोंडांची मापं येत. गुलाबी, लिबलिबीत, कधी कडेला रक्त लागलेली, कधी सकाळच्या नाश्त्याचा कण चिकटलेली. ती मापं नळाखाली धुवायची, त्यांत प्लास्टर ओतायची आणि हात पुसून चहा प्यायला बसायची. दुरुस्तीला आलेल्या जुन्या कवळ्यांचा वास तर सांगायच्या लायकीचा नव्हे. तिला कशाची म्हणून शिसारी येत नसे, आणि या गोष्टीचा तिला थोडा गर्वच होता.

भिंतीला लागून फळ्या होत्या आणि फळ्यांवर पांढरी, पिवळी, धूळ बसलेली प्लास्टरची तोंडं. नवखा माणूस आत आला की दारातच थबकायचा. "या, या, चावत नाहीत," हा तिचा ठरलेला विनोद होता. सगळ्यात वरच्या फळीवर घरच्यांची तोंडं एका खोक्यात जपून ठेवली होती. शिकत असताना घेतलेलं तिचं स्वतःचं, बाबांचं, आणि लेकीला शाळेत असताना तारा लावल्या तेव्हाचं लेकीचं. लेकीचा उजवा सुळा पार वर चढला होता, त्यासाठी ती खटपट.

कवळीइतकी अप्पलपोटी वस्तू जगात दुसरी नाही, असं ती म्हणायची. एकाचा कोट दुसऱ्याला चालतो, बूट चालतो, वेळ पडली तर चष्माही चालतो. कवळी चालत नाही. पुढच्या दातांच्या मागे टाळूवर ज्या वळ्या असतात, त्या प्रत्येकाच्या निराळ्या, बोटांच्या ठशांसारख्या. सख्ख्या भावाची कवळी भावाला बसत नाही. हे तिनं हजारदा पाहिलं होतं आणि शिकाऊ मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आणि आता तिच्या स्वतःच्या बापाला तिनं केलेली कवळी बसत नव्हती.

बाबांना मोठं दुखणं येऊन गेलं होतं. माणूस निम्मा झाला. हिरड्या झिजून चाकूच्या धारेसारख्या पातळ झाल्या आणि वरच्या जबड्यात डावीकडची मागची एकच दाढ उरली. त्या दाढेवर धातूची कॅप होती. धंदा शिकताना तिनं स्वतः केलेली ती पहिली कॅप. नवशिका हात, त्यामुळे कडेला एक खाच पडली होती. नंतर कितीदा तिनं नवी करून देते म्हटलं, पण बाबांनी बदलू दिली नाही. "राहू दे गं, तुझी सही आहे ती," म्हणायचे.

तिनं एक कवळी केली, ती मोडून दुसरी केली, मग तिसरी. नाजूक मापं घेतली, मऊ अस्तर लावलं, आपली सगळी विद्या पणाला लावली. बाबा कवळी तोंडात घ्यायचे, जबडा इकडून तिकडे हलवायचे आणि जिभेनं ढकलून ताटलीत काढून ठेवायचे.

"ही माझी नाही," ते म्हणायचे.

सूप आणि दुधात भिजवलेला पाव यावर माणूस किती तगणार? मनगटं काडीसारखी झाली. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं की असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी घातली की ती सहसा निघत नाही. ती घरी आली आणि फळ्यांवरच्या तोंडांकडे बघत बसली. जगभराला जेवायला घातलं आणि बापाला उपाशी मारणार, हे तिच्या फार जिव्हारी लागलं.

अशात लेकीला घराण्याचा इतिहास शोधायचं वेड लागलं. लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. दर रविवारी दुपारी ती फोन लावायची, तिकडे ताट घेऊन बसायची, इकडे ही ताट घेऊन बसायची, आणि दोघी फोन टेबलावर उभा करून जेवायच्या. एकत्र जेवल्याचं समाधान. एका रविवारी लेक म्हणाली, "आई, माझ्या ऑफिसात सगळ्यांनी आपापले पूर्वज शोधलेत. एकीचा खापरपणजोबा जहाजाचा कप्तान निघाला. आपल्यात कोणीच काही केलं नाही का गं?"

"केलं की. जन्मले, जेवले, मेले."

"आई!"

"अगं, खरंच. तुझे खापरपणजोबा धान्याच्या गोदामावर पहारेकरी होते, आणि ते पहाऱ्यावर झोपायचे एवढीच त्यांची ख्याती. माझी आजी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. माझे आजोबा पोत्यांना शिलाई मारायचे. झाला इतिहास."

"निदान फोटो तरी पाठव. आणि आजोबांकडून काहीतरी काढून घे ना. ते गेल्यावर कोण सांगणार आहे?"

ते गेल्यावर हे शब्द आईला टोचले, पण मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. तिनं बाबांच्या कपाटातून फोटोंचा डबा काढला, एकेक फोटो यंत्रात घालून संगणकावर घेतला आणि डाग काढायला म्हणून मोठा करून पाहू लागली.

आजीचा धुलाईखान्याच्या दारातला फोटो होता. बायकांच्या रांगेत एकटी आजीच हसत होती. कवळीवाली सवयीनं आधी दात बघते, मग माणूस. वरचा पुढचा डावा दात कोपऱ्यात तिरका तुटलेला, त्याच्या शेजारचा जरा पिवळा आणि अंगानं रुंद. मग खापरपणजोबांचा फोटो आला. गोदामापुढे काठी टेकून उभे, कोणीतरी काही गमतीचं बोललं असावं. तुटका कोपरा, शेजारचा रुंद दात. मग आत्याचा, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीचा, त्या मानानं अलीकडचा रंगीत फोटो. त्यातही तेच.

चेहऱ्याची ठेवण घराण्यात उतरते. नाक उतरतं, टक्कल उतरतं. दाताचा तुटलेला कोपरा उतरत नाही.

तिनं संगणक तसाच बाबांच्या पलंगाशी नेला. "बाबा, हे काय आहे?"

बाबांनी फोटोंकडे पाहिलं, मग खिडकीकडे. त्यांच्या बोळक्या तोंडात जीभ फिरत होती.

"माझ्या ताईकडे आहे ती कवळी," शेवटी ते म्हणाले. "ती आणू नये असंच मला वाटत होतं. पण भूक लागते गं."

आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात राहत होती. नव्वदी गाठलेली, खणखणीत आवाजाची बाई. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत एक कुंडी. तोंडात एकही दात नाही आणि कवळीही नाही. भाचीचं म्हणणं तिनं ऐकून घेतलं.

"तू एवढी शिकलेली, तुझ्या कवळ्यांना काय झालं?"

"बसत नाहीत, आत्या."

"आपल्या घरात नाहीच बसत दुसऱ्या." आत्यानं उशाखालून एक गोल पत्र्याचा डबा काढला. झाकण निघता निघेना. आत फ्लॅनेलचं फडकं होतं. "ज्याला लागेल त्यानं घालायची. पण जेवण झालं की लगेच काढायची. आणि ती तोंडात असताना बोलायचं नाही. अवाक्षर नाही. आठवतंय का तुला, लहानपणी?"

तिला आठवत होतं. त्या घरात जेवताना बोलायचं नाही हा कडक नियम होता. आजीच्या पंगतीला चमच्यांचा तेवढा आवाज. चुकून कोणी पोर बोललं की आजी हात उगारायची. सगळ्या पोरांना ती शिस्त वाटायची.

"बोललं तर काय होतं?"

"मी एकदा बोलले," आत्या म्हणाली. "आता सूप पिते. बरं असतं सूप."

पुढे तिनं काही सांगितलं नाही. भाचीनं फडकं उलगडलं आणि एवढ्या वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. तिला शिसारी आली.

जुन्या काळी कडक रबराच्या कवळ्या करत, तशी ती होती. काळपट लाल, शिळ्या मांसाच्या रंगाची. दात चिनीमातीचे नव्हते. माणसाचे होते. आणि एका माणसाचे नव्हते. एक लांब, एक खुजा, एक तंबाखूनं काळवंडलेला, एक दुधासारखा पांढरा, एकाच्या मुळाशी किडीचं बारीक भोक. जिथून जो मिळाला तो बसवल्यासारखे. डावीकडे मागे एक जागा मोकळी होती, तिथे रबराला आरपार भोक होतं. पण तिला खरी किळस आली ती वेगळ्याच गोष्टीची. डबा कोरडा होता, फडकं कोरडं होतं, कित्येक वर्षं कोणी तो उघडला नव्हता. आणि कवळी ओली होती. तिच्या बोटांना एक तार लागली, ती ताणली गेली आणि तुटली.

घरी येऊन तिनं कवळी ब्रशनं घासली, उकळत्या पाण्यात टाकली, औषधात बुडवली. तरी हातमोजे न घालता तिला ती धरवेना. बाबांनी मात्र आ केला आणि तिच्या हातून कवळी अशी ओढून घेतली की तिची बोटं दचकून मागे आली. ना हलवणं, ना चाचपणं. टप्पकन आवाज झाला आणि ती बसली. उरलेली एकुलती दाढ त्या भोकातून बरोबर खाली आली.

बाबांनी त्या दिवशी अख्खं सफरचंद खाल्लं. सालासकट, बियांसकट. रस हनुवटीवरून गळत होता आणि ते डोळे मिटून चावत होते. कवळीवालीला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण तिला तिथे बसवेना. तो चावण्याचा आवाज बाबांचा नव्हता. बाबा डावीकडून चावायचे, सावकाश. हे कोणीतरी उजवीकडून, भराभरा, ताट कोणी काढून घेईल अशा घाईनं चावत होतं.

जेवण झाल्यावर तिनं कवळी काढली. सुटताना ती जरा जड सुटली.

नियम पाळला तोवर सगळं सुरळीत चाललं. बाबा मुकाट्यानं जेवत, ती मुकाट्यानं कवळी काढे. त्यांच्या गालांवर मांस दिसायला लागलं, ते पलंगावरून खुर्चीत आले, डॉक्टरांनी नळीचा विषय सोडला. कवळीवालीच्या डोक्यातला भुंगा मात्र जाईना. एका दुपारी तिनं कवळीच्या आतल्या बाजूत प्लास्टर ओतलं. ही कवळी ज्या तोंडाकरता घडवली असेल त्या तोंडाचा साचा त्यातून मिळणार होता, मग तो खापरपणजोबांचा असो की आणखी कोणाचा. प्लास्टर घट्ट झालं, तिनं साचा सोडवला, वरच्या फळीवरचं खोकं काढलं आणि सहज म्हणून तो बाबांच्या साच्याशेजारी ठेवला.

टाळूवरच्या वळ्या तंतोतंत त्याच होत्या. तिसरी वळी मध्येच दुभंगून पुन्हा जुळलेली, तीसुद्धा.

तिनं दोन्ही साचे उलटेपालटे करून पाहिले. मग ते खोक्यात टाकले, झाकण लावलं आणि स्वतःशीच म्हणाली की बापाला जेवण जातंय ना, मग झालं तर.

चूक झाली ती रविवारी. फोन टेबलावर उभा होता, लेक तिकडे जेवत होती, बाबा पहिल्यांदाच टेबलाशी येऊन बसले होते आणि मटणाचा तुकडा चावत होते. आजोबांना असं जेवताना बघून लेक हरखली. "आजोबा! काय मस्त दिसताय! सांगा ना हो, तुमच्या आजोबांचं काहीतरी सांगा. ते गोदामवाले."

आईनं हात वर केला, पण तोवर बाबा बोलले होते.

"झोपलो नव्हतो मी," ते म्हणाले. आवाज जाड, घोगरा. "सगळे म्हणतात झोपलो होतो. बाहेरून कडी घातली त्यांनी. थंडीचे दिवस. धान्य आधीच उचलून नेलं होतं, आत नुसता भुसा. पहिले दिवस भुसा खाल्ला, तो घशात अडकतो. मग उंदीर. उंदीर पाठीकडून खायचा नाही, केस तोंडात येतात. पोटाकडून सुरू करायचा. पोट मऊ असतं. आणि गरम."

बाबांनी मटणाचा तुकडा गिळला आणि हसले. तुटका कोपरा चकाकला.

"बाप रे!" फोनमधून लेक ओरडली. "आई, रेकॉर्ड केलंस का? हे केवढं भारी आहे! आणि तू म्हणतेस झोपायचे!"

आई मोरीशी जाऊन ओकली. परत आली तेव्हा बाबांनी ताट दूर सारलं होतं. "काढ गं आता," ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. "दुखतंय." तिनं काढली. हिरडीवर रक्ताची बारीक रेघ होती.

त्यानंतर तिनं बाबांच्या तोंडाला कुलूप लावायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर लेकीइतकीच तीही नादाला लागली होती. ज्यांची नुसती नावं ऐकली होती ती माणसं जिवंत होऊन बोलत होती, आणि तीही अशा गोष्टी ज्या कोणी कोणाला सांगत नाही. तिला ओकारी यायची आणि तरी पुढचं ऐकायचं असायचं. दर रविवारी लेक फोनवरून विचारी, आई रेकॉर्ड करी, आणि बाबांच्या तोंडून कोणीतरी उत्तर देई. पोती शिवणारे आजोबा बोलले. सुई गिळलेली, आणि ती कुठून कशी निघाली, ते त्यांनी सावकाश सांगितलं. मग एका रविवारी बाबांनी घास चावता चावता पदर सावरावा तसा हात खांद्याशी नेला.

"धुलाईखान्याच्या तळघरात बाळंत झाले मी," ते बारीक आवाजात म्हणाले. "एकटीच होते. वर सांगितलं असतं तर कामावरून काढलं असतं. चादरींच्या ढिगावर पडले, दुसऱ्यांच्या रक्तापुवाच्या चादरी, धुवायच्या राहिलेल्या. कात्री नव्हती. नाळ दातांनी तोडली. पहिल्या चाव्यात तुटत नाही ती. निसटते. दाढेखाली धरावी लागते."

लेक तिकडे घास हातात धरून बसली होती. "आणि मग, पणजी?" ती हळूच म्हणाली. आजोबांना ती पणजी म्हणाली, आणि ते कोणालाच वावगं वाटलं नाही.

जेवण झालं. बाबा म्हणाले, "काढ गं आता. दुखतंय."

"एवढं एक पुरं होऊ द्या, बाबा," आई म्हणाली. "मग काढते."

ते पुरं व्हायला संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं आत्याला फोन लावला. "आत्या, तू तळघरात जन्मलीस का गं? चादरींवर?"

"आईनं ते फक्त मला सांगितलं होतं," आत्या म्हणाली. "मरताना. माझ्या कानात. तुला कोणी..." ती थांबली. "तुम्ही त्याला बोलू दिलंत?"

"आत्या, ऐक तर..."

"आणि कोणाकोणाशी बोलला तो?"

ती काही बोलायच्या आत आत्यानं फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.

त्या दिवशी तिनं ठरवलं की आता पुरे, पुन्हा सूप. पण आदल्या संध्याकाळपासून तोंडातच राहिलेली कवळी दुपारी काढायला गेली तर ती निघेना. बोटांनी कड धरून ओढली, कोमट पाण्याच्या गुळण्या करवल्या, हिरडीला तेल लावून पाहिलं. धंद्यातल्या सगळ्या युक्त्या वापरल्या. रबर आणि टाळू यांच्यामध्ये नख जायला जागा नव्हती. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काढ गं," ते म्हणत होते. "काढ गं आता. दुखतंय."

डेंटिस्ट घरी आला. टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, "ताई, यांना कवळी कुठाय? हे तर त्यांचेच दात आहेत. किडलेत जरा, पण पक्के आहेत." तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो बॅग उचलून निघूनच गेला.

मग बाबा आपणहून बोलायचे थांबले. ते नुसते चावत असत. समोर ताट नसे, तोंडात काही नसे, आणि जबडा उजवीकडून भराभरा चाले. चावण्याचा ओला आवाज घरभर यायचा. ती मागच्या खोलीत ग्राइंडर चालू करून बसायची, तरी यायचा.

"काय खाताय, बाबा?"

"काही नाही," ते म्हणत, आणि चावत राहत.

एका सकाळी तो आवाज बंद झाला.

ती आत गेली. बाबा गेले होते. चेहरा शांत, गाल पुन्हा बसलेले, तोंड उघडं. आणि कवळी सुटून उशीवर पडली होती, ओली.

सगळे विधी झाले. लोक येऊन गेले. लेकीला ताप होता, तिला येता आलं नाही, ती फोनवर फार रडली. घर रिकामं झाल्यावर कवळीवाली मागच्या खोलीत गेली, दार लावलं, दिवा जवळ ओढला आणि चिमट्यानं कवळी उलटी केली.

डावीकडचं मागचं भोक बुजलं होतं. तिथे एक दाढ होती. दाढेवर धातूची कॅप, आणि कॅपच्या कडेला एक खाच.

रबर दाढेभोवती सगळीकडून आवळून बसलं होतं, हिरडी बसते तसं.

आता भोक दुसऱ्या जागी होतं. पुढे, उजव्या सुळ्याच्या जागी.

तिला रडू आलं नाही. आली ती फक्त किळस, पायाच्या तळव्यापासून डोक्यापर्यंत, स्वतःच्या हातांचीसुद्धा. ही घाण आपल्यापाशी संपवायची, एवढंच तिच्या मनात होतं.

तरी हाताची सवय हातापाशी. दळून टाकायच्या आधी तिनं आत प्लास्टर ओतलं. घट्ट झाल्यावर साचा सोडवला आणि न बघता बाजूला ठेवला.

मग ग्राइंडर सुरू केला. एकेक दात दळला. कॅपवाली दाढ सगळ्यात शेवटी. दात दळताना केस जळल्यासारखा वास सुटतो, तो खोलीत कोंदला. दातांची भुकटी तिच्या पापण्यांवर बसली, ओठांवर बसली, दातांखाली करकरली. ती थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली. रबराचा चुरा चिकट निघाला. तो तिनं कागदात गुंडाळून शेगडीत जाळला.

संपलं.

मग तिनं साचा उचलला. बोळकं तोंड. हिरडीवर एकच दात उभा, उजवा सुळा, पार वर चढलेला.

वळ्या बाबांच्या नव्हत्या.

तिच्या स्वतःच्याही नव्हत्या. पाहून तिला इतकं हायसं वाटलं की ती खुर्चीत बसली.

मग ती उठली आणि तिनं खोक्यातलं तिसरं तोंड काढलं, तारा लावतानाचं. दिव्याखाली दोन्ही शेजारी ठेवली.

तिनं फोन लावला.

"लेकरा, ताप उतरला का गं?"

"हं."

"जेवलीस?"

तिकडून नुसता आवाज येत होता. ओला, भराभरा, एकाच बाजूनं.

"काय खातेयस?"

"काही नाही," लेक म्हणाली.

ग्राइंडरखालच्या ताटलीत पांढरी भुकटी होती. शेगडीतली राख अजून गरम होती.

"आई," लेक म्हणाली, "काढ गं आता. दुखतंय."